कॅमेऱ्याचं कपाळ

माझा धंदा डिझाइनचा. सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना लागणारे मोर, कमळं आणि चौकड्या मी घरी बसून कॉम्प्युटरवर काढून देतो. त्यामुळे कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं असा आमच्या घरात समज आहे. तो मीच पसरवलेला आहे. खरं सांगायचं तर मला मोर काढता येतो. बाकी मशीन बिघडलं की मी आधी चिडतो, मग दोनचार वायरी हलवतो, आणि ते आपोआप सुरू झालं की श्रेय घेतो.

हे आठवतंय ते दसऱ्यानंतरच्या रविवारचं. माझी धाकटी बहीण जन्मापासून ऐकू न येणारी. मूकबधिरांच्या शाळेत शिकली, आता युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कॉलरी लावते, आणि कॉलरीत तिचा हात धरणारं तिथं कुणी नाही. शाळेत शिकवलेली खुणांची पक्की भाषा तिला फाडफाड येते, पण ती आमच्यात कुणालाच येत नाही. घरात आमची गावठी भाषा. वडील म्हणजे मिशीला पीळ. आई म्हणजे कपाळावर तीन बोटं आडवी, कारण आई अंघोळ झाली की विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. आणि मी म्हणजे मनगटानं नाक पुसणं. लहानपणी माझं नाक सारखं वाहायचं, ते आज चाळिशीतही तिनं सोडलेलं नाही.

तिला बघायला तोवर तीन स्थळं येऊन गेली होती. तिन्ही पोरं ऐकू येणारी. पाहुणे पोहे खात मला विचारायचे, स्वयंपाक येतो का. मी तिला खुणेनं विचारायचो, ती हात हलवून काहीतरी लांबलचक सांगायची आणि मी म्हणायचो, येतो म्हणते. एकदा तिनं उत्तर दिलं होतं की यांच्या पोराला येतो का ते आधी विचार. मी तेही 'येतो म्हणते' असंच सांगितलं. तिसऱ्या स्थळानंतर तिनं पोह्यांचं ताट स्वयंपाकघरात आपटलं आणि आईला बजावलं, आता जो येईल त्याच्याशी मी स्वतः बोलणार, त्याशिवाय ताट धरणार नाही.

चौथं स्थळ सांगोल्याचं निघालं. पोरगा तिच्यासारखाच, ऐकू न येणारा, पुण्यात एका छापखान्यात कामाला. दिवाळीपर्यंत त्याला सुट्टी नव्हती, म्हणून दोघांनी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. त्याचे मामा सगळा व्यवहार बघत होते. ते रविवारी सकाळी पुण्यात भाच्याच्या खोलीवर येऊन बसणार होते. फोनवर त्यांनी मला स्वच्छ सांगितलं, "अकराला बसू. बाराच्या गाडीनं मला परत निघायचं हाय. आजून एका ठिकाणी संध्याकाळी शब्द द्यायचाय. तुमचं जमलं तर तुमचं, न्हाय तर तिकडं हो म्हणतो."

गुरुवारी आम्ही मोबाइलवर करून बघितलं होतं. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला. तोंड दिसलं तर हात दिसेनात, हात दिसले तर तोंड कापलं जाई, आणि मध्येच मोबाइल घसरून छताचा पंखा दिसायला लागला. जिथं हातच बोलतात तिथं हात न दिसून कसं चालेल? तेव्हा मीच छाती काढून म्हणालो, कॉम्प्युटरवर लावू, मोठ्या पडद्यावर. वेबकॅम माझ्याकडे आहेच. लॉकडाऊनमध्ये गिऱ्हाइकांसाठी घेतलेला तो कॅमेरा मॉनिटरच्या डोक्यावर बरेच दिवस नुसता बसून होता.

रविवारी बहीण दहालाच तयार. आईनं काठापदराची साडी काढून ठेवली होती, पण तिनं साधा गडद निळा ड्रेस घातला. अंगावर एकरंगी आणि मागची भिंत मोकळी असली की हात उठून दिसतात, हे तिला शाळेत शिकवलेलं. भिंतीवरचं कॅलेंडरही तिनंच उतरवलं. मला एवढंच काम होतं, कॅमेरा सुरू करायचा.

अकराला पाच कमी असताना मी बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, कॅमेरा सापडला नाही. म्हणजे डोळ्यांसमोर बसलाय आणि सापडला नाही. वायर मशीनच्या पुढच्या खाचेत घातली होती, ती ढिली. मी ती काढून मागच्या खाचेत खुपसली, टिंग आवाज आला, कॅमेरा सापडला. मी बहिणीकडे विजयी मुद्रेनं बघितलं. ती घड्याळाकडे बघत होती.

आता चित्र यायला हवं होतं, तर काळा चौकोन. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, कॅमेरा वापरायची परवानगीच बंद. मागं कुणीतरी मला सांगितलं होतं की कॅमेऱ्यातून चोर घरात बघतात, म्हणून मीच शहाणपणानं ती बंद केली होती आणि विसरलो होतो. परवानगी दिली. तरी काळाच. आता म्हणे, कॅमेरा दुसरं कुणीतरी वापरतंय. दुसरं कोण वापरणार? शनिवारी एका गिऱ्हाइकाशी नुसतं आवाजावर बोलून झाल्यावर मी ती बोलायची खिडकी बंद न करता खाली सारली होती. परवानगी मिळताच तिनं कॅमेरा धरून ठेवला होता.

तोवर सव्वाअकरा झाले. मामांचा फोन आला. तो स्पीकरवर टाकून मी टेबलावर ठेवला.

"पाव्हणं, आमी दिसतोय का?"

ते दिसत होते. पोरगा स्वच्छ दिसत होता, अंगानं बारीक, इस्त्रीचा शर्ट, मान पुढं काढून पडद्यात आमच्या पोरीला शोधणारा.

"तुमी दिसंना की ओ," मामा म्हणाले.

मी म्हणालो, मशीन एकदा बंद करून चालू करतो, दोन मिनिटं द्या. ही माझी सगळ्यात मोठी चूक. बंद करायला गेलो तर मशीनला आत्ताच अपडेट करायची हुक्की आली. कॉम्प्युटर बंद करू नका म्हणून पाटी आली आणि खाली सत्तावीस टक्के. सत्तावीस टक्के म्हणजे सत्तावीसच. वडील माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि ते रागावले की गावाकडचं कन्नड सुरू होतं. "एनातो?" म्हणाले. काय झालं ते मला तरी कुठं माहीत होतं. मी वडिलांवर ओरडलो, मग माउसवर ओरडलो. बहिणीला ओरडणं ऐकू येत नाही, पण माझ्या मानेच्या शिरा तिला दिसतात. तिनं नाक पुसल्याची खूण केली आणि पुढं हात खाली दाबला. म्हणजे, नाकपुश्या, गप.

मशीन सुरू झालं तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. आणि चित्र आलं. पण कसलं चित्र? ताकानं भरलेला काचेचा पेला डोळ्यांपुढं धरून बघावं तसं. पांढरं धुकं आणि धुक्यात एक निळा डाग. तो डाग म्हणजे माझी बहीण.

"पाव्हणं, घरात धूर झालाय का?"

"नाही हो, कॅमेऱ्याचं जरा सेटिंग."

मी उजेड वाढवला, धुकं वाढलं. उजेड कमी केला, धुकं राखाडी झालं. खिडकी लावून ट्यूब पेटवली. ड्रायव्हर काढून परत घातला. मोठमोठ्या शब्दांत बडबडत होतो मी, आणि मामा तिकडे पिशवी आवरायला लागले होते.

"हे बगा," ते शेवटी म्हणाले, "रागावू नगा. आमी मागं एका ठिकाणी फसलोय. पोरीत काय दाकवायचं नसंल तर तसं सांगा. मी बाराची गाडी धरतो, आपला गैरसमज न्हाय."

बहिणीला शब्द ऐकू आले नाहीत, पण माझा चेहरा तिनं वाचला. पडद्यावर तो पोरगा दोन्ही हात उघडे करून विचारत होता, कुठं आहे? तो तिला समोर दिसत होता आणि तिलाच विचारत होता कुठं आहेस. तिचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत मी तिला बघणाऱ्यांसमोर रडताना बघितलं नव्हतं.

मग एकाएकी तिनं डोळे बारीक केले, माझ्याकडे वळली आणि कपाळावरून तीन बोटं ओढली.

आई. तिला आई हवी आहे. साहजिक आहे, अशा वेळी पोरीला आईच लागते. मी हाक मारली. आई शेंगांची चटणी कुटायची सोडून पदराला हात पुसत आली आणि बहिणीला जवळ घ्यायला लागली. बहिणीनं तिला बाजूला सारलं आणि मला परत तीच खूण केली, तीन बोटं, कपाळावरून.

"आली की आई," मी म्हणालो. "आता आणि किती आया आणू?"

तिनं कपाळावर हात मारून घेतला. उठली, माझी मान धरली, खरोखर मांजराच्या पिल्लाला धरतात तशी, आणि माझं तोंड कॅमेऱ्यासमोर नेऊन उभं केलं.

कॅमेऱ्यावर विभूतीचे तीन पट्टे होते. वरचा त्याच्या काळ्या डोक्यावर, खालचा हनुवटीवर, आणि मधला बरोबर भिंगावरून. सुबक, सरळ, ओल्या बोटांनी ओढून वाळलेले. मी पाऊण तास डोक्यात राख घालून घेतली होती आणि राख होती तिथं.

तुम्ही म्हणाल, दिसली कशी नाही. आमच्या घरात फ्रिजला विभूती, कपाटाला विभूती, माझ्या स्कूटरला, पाण्याच्या मोटारीला, शिलाई मशीनला विभूती. खंडेनवमीला आई ताट घेऊन घरभर फिरते आणि ज्याच्या जिवावर घर चालतं त्या प्रत्येक वस्तूचं कपाळ शोधून काढते. ते पट्टे आम्हाला आता दिसतच नाहीत.

"कॅमेऱ्याला कशाला लावलीस गं?"

"मग? हत्याराला लावायची न्हाय तर कुणाला?" आई म्हणाली. "सगळ्यात वर बसलंय ते. मला वाटलं, ह्याचं कपाळ तेच."

मी खिशातून रुमाल काढून भिंगावर तोंडातली वाफ सोडायला लागलो, तर आईनं माझा हात धरला. "उष्टं तोंड लावशील तर बग." बारा वाजायला दहा मिनिटं, मामा चपला घालतायत, आणि हिनं सावकाश आपल्या पदराचं टोक फुलपात्रातल्या पाण्यात बुडवलं, भिंग पुसलं, ते टोक डोळ्यांना लावलं, मग बाजूला झाली.

चित्र लख्ख झालं. निळा ड्रेस, मोकळी भिंत, दोन हात. तिकडच्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"हां," मामा म्हणाले, "आली की पोरगी. लई चांगली दिसती की."

वडिलांना राहवलं नाही. ते वाकून कॅमेऱ्यात तोंड घालून मोठ्यानं म्हणाले, "नमस्कार. आवाज येतोय का?" ज्या दोघांचं बोलणं व्हायचं होतं त्या दोघांनाही जन्मात आवाज आलेला नव्हता. पोरानं हसून हात जोडले. बहिणीनं आम्हा तिघांना दार दाखवलं. जाता जाता मी बघितलं, तिकडे पोरगाही मामांच्या पाठीला हात लावून त्यांना खोलीबाहेर नेत होता.

दोन मिनिटांनी मामांचा फोन. "मला बी भाईर काढलंय. हितं जिन्यात उभाय." आवाजात राग नव्हता. आम्ही बराच वेळ बोललो, त्यांच्याकडच्या डाळिंबांचं, टँकरच्या पाण्याचं. बाराची गाडी गेली. ते म्हणाले, जाऊ दे, दोनची हाय.

घरात चिडीचूप. मुलगी बघायचा कार्यक्रम एवढा शांत मी कधी पाहिला नव्हता. शेवटी न राहवून मी खिडकीच्या फटीतून डोकावलो. चोरासारखा, कबूल करतो. तिचे हात इतके भरभर चालले होते की माझी नजर पोचेना. बोटं वळत होती, उघडत होती, हनुवटीला लागून परत फिरत होती, आणि मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. ही शाळेतली भाषा. घरी आम्ही तिला कायम तीन-चार शब्दांत बोलायला लावलं, कारण आम्हाला तेवढेच येत होते. मला वाटायचं ती कमी बोलणारी आहे.

मग ती हसली. तिचं हसणं जरा मोठं आणि खरखरीत आहे, लोक वळून बघतात म्हणून बाहेर ती तोंडावर हात ठेवते. आता तिचे दोन्ही हात बोलण्यात गुंतले होते आणि ती घर भरून हसत होती.

सव्वाला ती बाहेर आली. आईवडिलांनी माझ्याकडे बघितलं, विचार तिला. मी विचारायच्या आतच तिनं गळ्याभोवती मंगळसूत्राची रेघ ओढली आणि आईकडे बघून मान हलवली. ती खूण समजायला कुणाची गरज नव्हती. आई रडायला लागली. वडील मिशीवरून हात फिरवत दुसरीकडे बघायला लागले.

मी तिला खुणेनं विचारलं, एवढा वेळ काय बोललात? काय म्हणाला तो?

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. गालात हसली. आणि बोटं झटकून म्हणाली, तुला काय करायचंय?

ती तीन वर्षांची असल्यापासून तिचा प्रत्येक शब्द माझ्यातून गेला होता. डॉक्टरकडे, दुकानात, पाहुण्यांत. मला माहीत नाही अशी तिची एकही गोष्ट त्या दिवसापर्यंत नव्हती. मला ते लागलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की हसू आवरेना.

"काय म्हणाली रं?" आईनं डोळे पुसत विचारलं.

"मला सांगायचं नाही म्हणते," मी म्हणालो.