ड्रायव्हर घरी पोचला का

स्वारगेटला जुन्या पुस्तकांच्या पथारीवरून एक कादंबरी उचलली आणि तिच्या खाकी कव्हराच्या वासानं आमचं वाचनालय आठवलं. तिथल्या मासिक चर्चेत प्रत्येकानं एक तरी वाक्य बोललंच पाहिजे, अशी रीत होती. एका संध्याकाळी चर्चेला हीच कादंबरी होती, एका मंत्र्याच्या अपहरणाची. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "पोलीस इतके हुशार दाखवलेत, म्हणजे काल्पनिकच." सगळे हसले. मग आईची पाळी आली. एरवी "छान आहे" एवढंच म्हणून सुटणारी आई म्हणाली, "मंत्री सुटले. पण त्यांच्याबरोबर ड्रायव्हरलाही नेलं होतं ना? तो घरी पोचला का?" "अहो, गोष्ट मंत्र्यांची आहे," प्राध्यापक म्हणाले. आई "बरं" म्हणाली. माझे वडील एका पुढाऱ्याची गाडी चालवायचे. एका दौऱ्यावरून पुढारी परत आले, वडील आले नाहीत. हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. आईनं तीच कादंबरी पुन्हा घरी आणली. ड्रायव्हर घरी पोचल्याचं पान आपल्याच नजरेतून सुटलं असणार, असं तिला वाटत होतं. आई आता नाही. पथारीपाशी उभ्या उभ्या मी शेवटची पानं चाळली, न जाणो.