आक्काच्या उंबऱ्यावर ठेवलेल्या गोळ्या

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही, देवापुढंसुद्धा नाही — देवापुढं तर मी हात जोडून दुसरंच काहीतरी मागून येते. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं जमेल असं वाटतं. जमतंय का बघू.

आमच्या वाडीत माझं नाव चांगलं आहे. थोरल्या जावेच्या आजारपणात मी तिचं किती केलं, हे लग्नाकार्यात बाया अजून एकमेकींना सांगतात. "सख्खी भन करनार न्हाई एवढं शोभानं केलं." मी नुसता पदर सावरते. त्यांना वाटतं, बघा, किती साधी आहे. साधी कसली — लबाड आहे मी, एक नंबरची.

आमची वाडी घोडेगावच्या वर, डोंगराच्या अंगाला. भात, नाचणी आणि दिवसाच्या दोन एसट्या. मी खालची, नारायणगावाकडची. इथं नांदायला आले आणि दहावी पास म्हणून अंगणवाडीत सेविका लागले. थोरली जाऊ हौसा, तिला सगळे आक्का म्हणतात. शाळेची पायरी चढलेली नाही, पण भाताच्या आवणीला, रोपं लावायला, उभी राहिली की तिच्या पुढं कुणी जाऊ शकायचं नाही. माझ्या पहिल्या आवणीला मी चिखलात फतकल मारून बसले, तेव्हा आक्का सगळ्या बायांत म्हणाली, "धावी शिकली, पन उभं राह्यचं शिकली न्हाई." सगळ्या खदाखदा हसल्या. नंतर माझी अर्धी राहिलेली ओळ तिनंच पुरी केली. माझ्या लक्षात मात्र तेवढं हसणंच राहिलं. वर सासूबाईंचं उठता-बसता चालू — हौसाचं बघून शीक. आठ वर्षं मी हौसाचं बघून शिकत होते. आठ वर्षांत माणूस मनात किती काय साठवतं, तुम्हाला माहीत आहे?

मग दोन हजार तीन-चारच्या सुमाराला आक्काला खोकला लागला. अंगावर काढला, काढा पिऊन झाला, अंगारा लावून झाला. शेवटी तालुक्याला नेली तर टीबी निघाला. घर एकच, दारं दोन, पुढं सामाईक पडवी. सासूबाईंनी त्याच दिवशी तिचं ताट-पेला वेगळं काढलं. भाया, म्हणजे आक्काचे मालक, मजुरीला खाली असायचे, पंधरा दिवसांतून एकदा यायचे.

तिच्या नावाचा गोळ्यांचा खोका दवाखान्यातून आला तो, मी वाडीची सेविका म्हणून, थेट माझ्या हवाली. नियम असा — सोमवार, बुधवार, शुक्रवार तिनं गोळ्या माझ्यासमोर गिळायच्या. माझ्या डोळ्यांदेखत, पाण्याच्या घोटाबरोबर. मग मी कार्डावर खूण करायची. प्रशिक्षणात दहादा बजावलं होतं, गोळी हातात देऊन यायचं नाही, पोटात गेलेली बघायची.

पहिले पंधरा दिवस ती अंगणवाडीच्या दाराबाहेर उभी राहून गोळ्या घ्यायची. मग पोरांच्या आया कुरकुर करायला लागल्या. मी म्हटलं, आक्का, तुम्ही येऊ नका, मीच घरी आणून देते. आणून दिल्याही — तिच्या उंबऱ्यावर. पाकीट ठेवायचं, "आक्का, ठेवल्यात" म्हणायचं, आणि ती आतून येईस्तोवर आपल्या दारात शिरायचं. पुढंपुढं तर आठवड्याच्या सगळ्या एकदमच ठेवू लागले. कार्डावर खुणा मात्र वार बघून केल्या, वेगवेगळ्या पेनानं. हो, वेगवेगळ्या पेनानं. एवढी अक्कल होती मला.

का केलं असं? माझी मुलगी दोन वर्षांची होती, तिला लागेल अशी भीती होती — हे खरं. सासूबाईंनी तिच्या घरात पाय टाकू नको म्हणून दम दिला होता — हेही खरं. ही दोन कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलीत की आता त्यांच्यात काही दम राहिला नाही. खरं कारण वेगळं होतं. जिचं बघून शिकायचं ती आता आपलं वेगळं ताट घेऊन पडवीच्या कोपऱ्यात बसत होती, आणि मला — कसं सांगू — मला ते बघून बरं वाटत होतं. कुत्र्याला भाकर टाकावी तशा मी तिच्या उंबऱ्यावर गोळ्या ठेवायचे आणि मला मोठं झाल्यासारखं वाटायचं. भीती नव्हती ती. मजा होती.

दोन महिन्यांनी तिचा बेडका तपासला. जंतू होतेच. महिनाभराच्या गोळ्या वाढवून दिल्या. पाचव्या महिन्यात पुन्हा तपासला, तरी तेच. डॉक्टर भले माणूस. आवाज न चढवता, कार्ड हातात धरून त्यांनी विचारलं, "बाई, सगळ्या गोळ्या तुमच्यासमोर घेतल्यात ना? घेतल्या नसतील तर तसं सांगा, याच गोळ्या नीट देऊ. घेऊनही फरक नसेल तर मात्र सुया द्याव्या लागतील."

"माझ्यासमोर घेतल्यात, सर. एकही चुकली नाही."

मग त्यांनी आक्काला विचारलं. ती माझ्या शेजारीच बाकावर बसली होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि माझी नोकरी गेली. "व्हय," आक्का म्हणाली, "हिच्या म्होरंच घेतल्या." डॉक्टरांनी सुया लिहून दिल्या.

बाहेर एसटीची वाट बघत उभ्या होतो. तिथं ती आपणहून म्हणाली, "गोळ्या मी चुलीत टाकल्या गं. पयल्या दिसापासून लगवी लाल व्हायची. म्हनलं, रगत चाललंय अंगातलं. तुज्या म्होरं घ्यायची तवा घेतल्या. मंग घरी कोन बघतंय?"

त्या गोळीनं लघवी लाल होते. रक्त नसतं ते, गोळीचा रंग असतो. रोग्याला पहिल्याच दिवशी हे सांगायचं, घाबरू देऊ नका, असं आम्हाला शिकवलं होतं. मला ते पाठ होतं. मी तिला सांगितलं नव्हतं. का? आठवणच झाली नाही — तिच्याशी चार शब्द बोलण्याची मला इच्छाच नव्हती, तर आठवण कुठून होणार?

मी विचारलं, "मग आत का बोलला न्हाई?"

"तुजी नोकरी घालवू व्हय?"

दवाखाना पाठीमागंच होता. डॉक्टर खुर्चीतून उठलेही नसतील. मला फक्त मागं वळायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. एसटी आली. मी आधी चढले आणि आक्काला हात देऊन वर घेतलं.

दोन महिने सुया. आठवड्यातून तीनदा खालच्या उपकेंद्रात सिस्टरकडं जायचं. प्रत्येक खेपेला मी तिच्यासोबत, तिच्या डोक्यावर छत्री धरून. वाडीनं बघितलं ते हे. जावेसाठी किती जीव टाकते, म्हणाले. मी जायचे ते तिनं सिस्टरपुढं चुलीतल्या गोळ्यांचं तोंडातून काढू नये म्हणून. गोळ्याही आता माझ्यासमोर गिळायला लावायचे, जीभ वर करून बघायचे. आजार त्यानंच गेला, हे खरं आहे. पण ते पहिल्या महिन्यातही करता आलं असतं.

आणि आता जे सांगायचं आहे ते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं — चक्कर आली, कानात आवाज यायला लागला, तर सुई थांबवायची आणि लगेच घेऊन यायचं. कानावर परिणाम होतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. सव्वाएक महिना झाला असेल. उपकेंद्राच्या उतारावर आक्का थांबली नि म्हणाली, "शोभा, कानात रातकिडं वरडत्यात गं. दिसाढवळ्या." मी काय म्हटलं? "अशक्तपना हाय आक्का. जाईल." पुन्हा त्या डॉक्टरांपुढं जायचं, पुन्हा ते कार्ड निघणार, पुन्हा तोच प्रश्न. त्यापेक्षा तिचे कान जाऊ देत — असं मी मनात म्हटलं नाही. पण केलं तेच. त्यानंतर आठ-दहा सुया झाल्या. प्रत्येक वेळी तिचा दंड मी धरला होता.

टीबी गेला. कानही गेले. सुयांमुळं गेले हे तिला माहीत आहे. सुया कशामुळं लागल्या, हेही तिला आपल्या परीनं माहीत आहे. म्हणते, "मीच गोळ्या जाळल्या, मलाच भोवल्या." तिनं स्वतःलाच दोषी ठरवून टाकलं, आणि मी ठरवू दिलं. सुई वेळीच थांबवली असती तर कान वाचले असते, हे मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ते तिला माहीत नाही.

सांगायचं म्हटलं तर तिला वाचता येत नाही. अगदी कानाशी जाऊन ओरडलं तरच थोडंफार कळतं. म्हणजे मला ते ओरडून सांगावं लागेल — पडवीत बसून, शेजारपाजाऱ्यांना, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं. एकदोनदा तिच्या कानाशी गेलेही. तिनं हसून मान पुढं केली, ऐकायला. मी ओरडले, "च्या घेता का?"

परवा पडवीत दोघी नाचणी पाखडत होतो. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, तशी ती मोठ्यानं म्हणाली, "शोभा, तू व्हतीस म्हनून मी वाचले." रस्त्यानं जाणाऱ्या बायांनी वळून बघितलं. मी मान हलवली. मान हलवलेली तिला दिसते.