पाइड हॉर्सचा सज्जा

मर्टल पिल्बीमला सगळ्यात जास्त किळस यायची ती बारमधल्या तुळयांची. नऊ वर्षांपूर्वी बसवलेल्या, प्लॅस्टिकच्या, आतून पोकळ, जुन्या लाकडाच्या वाटाव्यात म्हणून वरून काळा रंग. बीअरची वाफ आणि सिगारेटचा धूर बसून त्यांच्यावर चिकट थर चढायचा आणि दर सोमवारी शिडीवर चढून तो तिलाच खरवडावा लागायचा. मार्लहर्स्टच्या 'पाइड हॉर्स' सराईत तिची तीस वर्षं अशीच गेली. लोकांच्या चादरी, लोकांचे केस, लोकांच्या ओकाऱ्या.

टपालगाड्यांच्या काळात इथे घोडे बदलायचे. रस्त्याकडची विटांची भिंत नंतर चिकटवलेली. कमानीतून आत अंगणात गेलं की खरी सराई, ओकच्या लाकडाची, आणि वर तिन्ही बाजूंनी सज्जा. मागच्या मालकानं तो हार्डबोर्ड ठोकून झाकून टाकला होता. आता सराई विकत घेतलेल्या दारूकंपनीला तो पाडून मोटारी लावायला जागा करायची होती. मर्टलची आई याच सज्ज्यावर गाद्या झटकायची. तो वाचावा म्हणून मर्टलनं कौन्सिलला पत्र लिहिलं.

कौन्सिलकडून जुन्या इमारती तपासणारे ट्रँटर नावाचे गृहस्थ आले. बारमध्ये शिरताच त्यांनी नाक मुरडलं.

"प्लॅस्टिक," तुळईवर टिचकी मारत ते म्हणाले. "आणि इथेही जुन्या काळी राणी मुक्कामाला होती म्हणे, ती कुठल्या खोलीत झोपली होती?"

मॅनेजर लोमॅक्स खुशीत आला. "पाच नंबर. मर्टल, सांग की साहेबांना. पाहुण्यांना रोज सांगतेस."

"राणी झोपलेली या महिन्यातली ही चौथी सराई," ट्रँटरनी वही मिटली. "बाईसाहेब राज्य कधी करायच्या कोण जाणे."

"ते खोटं आहे," मर्टल म्हणाली. "सज्जा मात्र खरा आहे."

"या तुळयाही खऱ्या म्हणूनच सांगत असाल ना, मिसेस पिल्बीम?"

सांगायची ती. बसवल्यापासून नऊ वर्षं, हसतमुखानं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिनं शेकोटीची सळई उचलली, जिना चढली आणि दोघं मागोमाग येताच ती पाच नंबरच्या बाहेरच्या हार्डबोर्डात घातली. फळी निघाली तशी आतून मेलेली कबुतरं कोसळली. किडे, विष्ठा, ओला करडा लगदा. लोमॅक्स तोंड दाबून मागे सरला. मर्टलनं हात आत घातला आणि खांब नखांनी खरवडला.

लाकडावर छिन्नीच्या रेघा होत्या. खांबावर चार, त्यात बसवलेल्या आडव्या लाकडावरही चार. पुढच्या जोडावर पाच आणि पाच.

ट्रँटर त्या घाणीत गुडघ्यांवर बसले. बोटानं एकेक रेघ मोजली.

"सुतारांनी जमिनीवर कापून, जुळवून, खुणा करून मग उभारलंय," ते म्हणाले. "खुणा अजून जोडीनंच आहेत. म्हणजे कुणी काही हलवलेलं नाही, सगळं मूळचंच आहे. मिस्टर लोमॅक्स, लेखी हुकूम येईल. तोवर याला हातसुद्धा लावायचा नाही."

ते गेल्यावर लोमॅक्स दातओठ खात म्हणाला, "कंपनीचं अन्न खाऊन हे केलंस. आता ही घाण तूच काढ आणि चालती हो."

मर्टलनं बरबटलेले हात ॲप्रनला पुसले, ॲप्रन सोडून कठड्यावर टाकला.

"दुसरं आधी करते," ती म्हणाली. "पहिलं तुमचं तुम्ही बघा."