बाईंनी गेटावर घेतलेली हजेरी

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी शेजारची मेधा आमच्या दारात येऊन उभी राहिली. कडेवर बाळ, चेहऱ्यावर मास्क नाही. मी हातातल्या पिशव्या तशाच धरून म्हणालो, "अगं, मास्क?" ती म्हणाली, "आई गेली रे, सुहास." बार्शीला, राहत्या घरी, सकाळी. डॉक्टर येत होते, ऑक्सिजनही मिळाला होता, करायचं ते सगळं झालं होतं... आणि तरी गेल्या. मेधाला जाता येण्यासारखं नव्हतंच. डब्लिनच्या ओंगार भागातल्या तिच्या घरात, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही बाईंना शेवटचं पाहिलं. संध्याकाळपर्यंत इथल्या मराठी ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. एकानं लिहिलं, 'शांत, सोज्वळ व्यक्तिमत्त्व हरपलं.' ते वाचून माझं डोकंच फिरलं. याच गृहस्थांनी नोव्हेंबरात मला फोन करून सांगितलं होतं, की त्या म्हाताऱ्या बाईंना आवरा, आपल्या मराठी माणसांचं नाव खराब होतंय. बाई शांत नव्हत्या. सोज्वळ तर मुळीच नव्हत्या. त्या काय होत्या ते मला नीट लिहून ठेवायचं आहे, आणि ते लिहायचं तर आधी माझी लाज लिहावी लागेल.

विजयाबाई म्हणजे मेधाची आई. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, म्हणून सगळ्यांच्याच 'बाई'. २०२०च्या फेब्रुवारीत लेकीच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे वर्षभर अडकल्या. जाळीच्या पिशवीत चष्मा, जपमाळ आणि लाल पेन. जपमाळ क्वचित बाहेर यायची. लाल पेन मात्र दारात पडलेल्या सुपरमार्केटच्या पत्रकावरसुद्धा चालायचं. बारीक अक्षरातल्या अटी त्या आधी वाचायच्या, मग बटाट्याचा भाव. "बारीक लिहितात ते लपवायला लिहितात," असं त्यांचं मत. इथल्या लोकांचं 'ग्रँड', म्हणजे 'छान, ठीक आहे', त्यांना फार खटकायचं. "पाऊस आला तरी ग्रँड, नोकरी गेली तरी ग्रँड. अरे, ही माणसं भांडतात कधी?" असं त्या मला विचारायच्या. मी हसायचो. मीही इथं दहा वर्षांत ग्रँडच म्हणायला शिकलो होतो.

आमची मुक्ता तेव्हा चौदा वर्षांची. तिच्या शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लॉकडाऊननंतर शाळा सुरू झाल्या होत्या, मास्क लावून, थंडीतही खिडक्या सताड उघड्या ठेवून. ऑक्टोबरमध्ये एका तासाला वर्गात कुणाचा तरी फोन वाजला. शिक्षकांनी मुक्ताच्या पुढच्या बाकावरच्या डॅनियलला वर्गाबाहेर जायला सांगितलं. डॅनियल डब्लिनमध्येच जन्मलेला, आई नायजेरियाची, उंचीनं वर्गात सगळ्यांपेक्षा वीतभर जास्त. तो म्हणाला, फोन माझा नाही, मी जाणार नाही. इयर हेड, म्हणजे त्या इयत्तेचे प्रमुख आले, तरी तो उठेना. बाक घट्ट धरून बसला, एवढंच. तर शाळेनं गार्ड बोलावले. गार्ड म्हणजे इथले पोलीस. दोघं वर्गात आले, एकानं डॅनियलचा हात पाठीमागे पिरगाळला, दुसऱ्यानं मानेला धरून गाल बाकावर दाबला, आणि पंचवीस मुलांसमोर त्याला उचलून नेलं. मुक्ता उभी राहिली. "ही डिडन्ट डू एनीथिंग!" असं ओरडली आणि डॅनियलचं दप्तर धरून ठेवलं, सोडेचना. त्याला अनिश्चित काळासाठी आणि तिला तीन दिवसांसाठी घरी बसवलं. फोन दुसऱ्याच मुलाचा होता, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं.

दोन दिवसांनी मला आणि माझ्या बायकोला, अनुजाला, शाळेत बोलावलं. मुख्याध्यापकांनी तोंड उघडायच्या आधीच मी म्हणालो, "सर, वुई आर व्हेरी सॉरी. प्लीज बी स्ट्रिक्ट विथ हर." हे वाक्य माझं नव्हतं. माझ्या वडिलांनी माझ्या शाळेत जाऊन हेच म्हटलं होतं, चामडी तुमची, हाडं तेवढी आमची. आपल्याकडे आईबाप शाळेत पाऊल ठेवतात तेच माफी मागत, कशाची ते नंतर विचारतात. मुख्याध्यापकांना अगदी बरं वाटलं. त्यांनी एक कागद पुढे केला, मी सही केली, अनुजानं केली. वाचला नाही. कसा वाचणार? नागरिकत्वाचा अर्ज वर्षभर पडून होता, त्यात पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी होते. गार्डांशी संबंध आलेल्या कुठल्याही भानगडीतून मला पळायचं होतं. घरी आल्यावर मुक्तानं कागदाची प्रत उचलली आणि मोठ्यानं वाचली. 'विद्यार्थिनीने गार्डांच्या कामात अडथळा आणला आणि प्रसंग पाहता गार्डांना बोलावणे आवश्यक होते, हे पालकांना मान्य आहे.' "यू वेअरन्ट ईव्हन देअर, बाबा." एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली. पुढे कित्येक दिवस ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलली.

आठवडाभरानं डॅनियलची आई दारात आली. ब्लेसिंग, वृद्धाश्रमात काळजीवाहक, ड्यूटीवरून तशीच आलेली. दोन मीटर लांब उभी राहून म्हणाली, डॅनियलला कायमचं काढायचं घाटतंय, तीन आठवड्यांनी शाळेच्या व्यवस्थापन मंडळासमोर सुनावणी आहे, आणि शाळेनं पुरावा म्हणून जोडलेल्या कागदांत तुमची सही आहे. "दे आर सेइंग ईव्हन युअर फॅमिली अग्रीज." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी पुटपुटलो, बघतो म्हणालो. दार लावलं आणि दारालाच टेकून उभा राहिलो.

त्या संध्याकाळी मी बाईंना गाठलं. निर्बंध पुन्हा लागले होते, पाच किलोमीटरच्या आत फिरायची मुभा होती, आम्ही क्लोन्सिलाच्या कालव्याकाठी चाललो होतो. मला वाटलं होतं, चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई शाळेचीच बाजू घेईल, मग माझंही मन हलकं होईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मीही एकदा पोलीस बोलावला होता." बाईंची नोकरी नवी, एका आडगावची शाळा. प्रयोगशाळेतली पितळी वजनं नाहीशी झाली. मुख्याध्यापकांकडे चहाला येणाऱ्या हवालदाराला बाई स्वतः म्हणाल्या, जरा वर्गात येऊन मुलांना दम द्या. नुसता दम. हवालदारानं वर्गावर नजर फिरवली आणि गावाबाहेरच्या पालावरून येणारी एकच मुलगी होती, सुमन, तिला वेणीला धरून उभी केली. दप्तर जमिनीवर उपडं केलं. दोन थोबाडीत दिल्या. "आणि मी कुठे होते माहितीय? फळ्याजवळ. हातात खडू घेऊन." वजनं पुढच्या आठवड्यात कपाटाच्या मागे सापडली. सुमन पुन्हा आली नाही. पाल शोधत बाई गेल्या, तोवर पाल उठलं होतं. "वर्ष संपेपर्यंत मी रोज हजेरीत तिचं नाव घेत राहिले. मुलं गप्प बसायची. मुख्याध्यापक म्हणाले, नाव कमी करा. मी म्हटलं, तुम्ही करा, मी नाही करणार..." मग एकदम माझ्यावर उसळल्या. "आणि तू न वाचता सही केलीस? मला निदान वजनं सापडेपर्यंत ठाऊक नव्हतं. तुला तर दुसऱ्याच दिवशी ठाऊक होतं!"

मी नागरिकत्वाचं सांगितलं. त्यावर त्या जे बोलल्या ते मला जन्मभर पुरेल. "नागरिक व्हायचंय ना तुला? मग आधी नागरिकासारखा वाग. कागद मागाहून येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी घडीची खुर्ची मागायला आल्या, समुद्रावर न्यायची, हाताशी पेला ठेवायला भोक असलेली. कशाला ते सांगितलं नाही. साडेआठला ऑफिसला निघालो तर बाई शाळेच्या गेटासमोरच्या फूटपाथवर त्या खुर्चीत बसलेल्या. साडीवर मेधाच्या नवऱ्याचं जाड जाकीट, मोज्यांवर चपला, तोंडावर मास्क, मांडीवर वही. मुलं आत जात होती आणि बाई खणखणीत आवाजात, मुख्याध्यापिकेच्या इंग्रजीत हाक देत होत्या, "डॅनियल!" थोडं थांबून पुन्हा, "डॅनियल!" वहीत लाल पेनानं काहीतरी मांडायच्या आणि घरी जायच्या. मी गाडीची काच वर केली आणि सरळ निघून गेलो. होय, निघून गेलो.

पहिले दोन दिवस मुलं हसली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी आत जाता जाता ओरडलं, "ॲब्सेंट, मिस!" मग रोज तेच. बाई नाव घ्यायच्या आणि रांगेतून दहा-पंधरा आवाज यायचे, "ॲब्सेंट, मिस!" करोनामुळे वर्गांच्या खिडक्या उघड्याच होत्या, तेव्हा हजेरी थेट शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोचत होती. शाळेनं पुन्हा गार्ड बोलावला. हा प्रसंग मुक्तानं पाहिला आणि कित्येक दिवसांनी माझ्याशी आपणहून बोलली ती हेच सांगायला. तरुण गार्ड होता, गाडीतून उतरून वाकून म्हणाला, "यू आर ग्रँड, मिसेस, यू आर ग्रँड, बट दे आर आफ्टर रिंगिंग अस." म्हणजे शाळेनं नुकताच त्यांना फोन केला होता. बाईंनी मान वर केली. "फॉर ओल्ड लेडीज ऑल्सो?" तो बिचारा हसला. बाई हसल्या नाहीत. "दिस इज फूटपाथ. आय ॲम सिटिंग. व्हिच रूल?" त्याला नियम सापडेना. जाताना थंडी आहे, जपा म्हणाला. बाईंनी वहीत त्याच्या येण्याची वेळ लिहून घेतली.

त्याच रात्री... नाही, रात्र कशाला म्हणू, चहाच्या वेळी मी कागद घेऊन बाईंसमोर बसलो. पत्र मी लिहिलं, कात्री बाईंनी लावली. मी 'गैरसमजातून सही झाली' असं लिहिलं होतं. त्यांनी ते लाल पेनानं खोडलं. "गैरसमज कसला? भीती म्हण. खरं लिहायला शब्द कमी लागतात." शेवटी पत्र चार ओळींचं झालं. आम्ही घाबरून, न वाचता सही केली. प्रसंग आम्ही पाहिलेला नाही. आमच्या मुलीनं पाहिला आहे आणि तिचं म्हणणं सोबत आहे. सही मागे घेत आहोत. पाकीट मी स्वतः शाळेत नेऊन दिलं. दुसऱ्या सकाळी मी गाडी घरी ठेवली आणि खुर्ची खांद्याला लावून बाईंबरोबर चालत गेलो. ग्रुपवरच्या त्या गृहस्थांचा फोन आला तो तेव्हाच.

सुनावणी स्क्रीनवर झाली. मंडळातल्या एका महिलेनं मला विचारलं, सुशिक्षित माणूस न वाचता सही कशी करतो? मी म्हणालो, आमच्याकडे शाळेत शिरतानाच माफी मागायची पद्धत आहे. ती पद्धत माझ्यापुरती मी आज बंद केली. मुक्तानं तिला दिसलं ते सांगितलं, गाल कसा दाबला तेही, आवाज न चढवता. ब्लेसिंग शेवटी एकच प्रश्न विचारून थांबली, मला फोन करण्याआधी गार्डांना फोन का केला? डॅनियल सोमवारी वर्गात परत आला. विजय वगैरे म्हणू नका. माफी कुणी मागितली नाही, 'प्रक्रियेत सुधारणा करू' असं एक गुळमुळीत पत्र आलं, आणि गार्डांविरुद्धची ब्लेसिंगची तक्रार आजही कुठल्यातरी टेबलावर पडून आहे. सोमवारी बाई तेवढ्या गेटासमोर आल्या. नाव घेतलं. रांगेतून एक उंच मुलगा लाजत, खाली मान घालून म्हणाला, "प्रेझेंट, मिस." बाईंनी वही मिटली. परतीच्या वाटेवर त्या रडल्या. मी विचारलं नाही, कुणासाठी ते मला ठाऊक होतं.

फेब्रुवारीत त्या भारतात परत गेल्या. विमानतळावर जायची परवानगी एकालाच, म्हणून आमचा निरोप फाटकातच झाला. खुर्ची परत करताना म्हणाल्या, "मोडली नाहीये. लागली तर वापर." मला ते तेव्हा साधं सौजन्य वाटलं होतं.

आता जून सुरू आहे. पुढच्या वर्षासाठी शाळेचा जाडजूड संच आला आहे, पुस्तकांची यादी, गणवेश आणि पालकांनी सही करायची शिस्तीची नियमावली. खुर्ची मी जिन्याखालच्या प्रेसमधून, म्हणजे आपल्या भाषेत कपाटातून, बाहेर काढली आणि मागच्या अंगणात बसून सगळी नियमावली वाचली. अकराव्या पानावर, बारीक अक्षरात, 'गार्डांना बोलावण्याचा निर्णय सर्वस्वी शाळेचा राहील.' सुधारणा म्हणाले होते ती ही. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली, बाजूला 'आधी पालकांना फोन' असं लिहिलं आणि सहीची जागा कोरी ठेवून परत पाठवली. तशीच रेघ मारलेलं पान ब्लेसिंगनंही पाठवलं आहे, आणि आमच्या रस्त्यावरच्या आणखी सहा घरांनी. ग्रुपवरच्या त्या गृहस्थांच्या बायकोनंही, त्यांना न सांगता. शाळेतून मला दोनदा फोन आला, सही राहिली आहे म्हणून. मी सांगितलं, राहिलेली नाही, केलेली नाही.

काल मुक्तानं विचारलं, "बाबा, व्हॉट इफ दे डोन्ट चेंज इट?" नागरिकत्वाचा अर्ज अजून पडूनच आहे. मी खुर्चीकडे बोट दाखवलं. सप्टेंबरात शाळा साडेआठलाच उघडते.