दोन उमेदवार आणि आमचा ओढा

लग्न होऊन सासरी आले त्या पहिल्याच श्रावणात माझी नागपंचमी बुडाली. माहेर कडावच्या पलीकडे. अंतर म्हणाल तर सकाळी निघालं की न्याहारीला पोचावं एवढं. पण मध्ये ओढा. आषाढ लागला की तो असा भरायचा की आमचं गाव दसऱ्यापर्यंत अलीकडेच. भाऊ मला न्यायला आला, पलीकडच्या काठावर उभा राहिला, हात हलवला आणि परत गेला. मी काही रडले नाही. पण या ओढ्यावर साकव का नाही, हे डोक्यात बसलं ते बसलंच. चार ओंडके आणि वर फळ्या, लाकडी पुलाला आणखी काय लागतं?

त्याच वर्षी प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक येऊ घातली होती. स्वराज्य दाराशी आलंय, असं सगळे म्हणत होते. कर्जत-खालापूर भागातून पक्षाचं तिकीट कुणाला, हे आधी कमिटीने ठरवायचं होतं. मागणारे दोघे. एक कर्जतचे वकील, दुसरे खोपोलीकडचे भातगिरणीवाले. कमिटीतले निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आणि मधोमध राहिले आमचे मामंजी. सासऱ्यांना आयुष्यात इतका भाव कधी आला नव्हता. ते रोज दाढी करू लागले.

गिरणीवाले आधी आले. मी आणि थोरली जाऊ ओढ्यावर धुणं धूत होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. भाद्रपद संपत आला होता, पाणी कमरेइतकं. त्यांची बैलगाडी पलीकडेच थांबली. आमचा गडी तिकडे गेला, खाली वाकला आणि गिरणीवाले त्याच्या खांद्यावर बसले. माणूस चांगलाच वजनदार. खाली गडी चिखलात रुततोय आणि वर यांनी छत्री उघडून धरलेली, पाऊस नसताना.

"बघ गं," जाऊ म्हणाली, "गणपती उशिरा निघालाय विसर्जनाला."

अलीकडे उतरल्यावर त्यांच्या धोतराचं सूतसुद्धा भिजलं नव्हतं. मामंजींना म्हणाले, "ओढा कसला मामा, व्हाळ हाय! पोरं उडी मारून जातील."

मामंजी हसले. गडी धापा टाकत बसला होता, तो हसला नाही.

जेवायला मात्र गोड माणूस. चिंबोऱ्यांचं कालवण तीनदा मागून घेतलं. "वैनी, असं कालवण आमच्याकडं लग्नातसुद्धा होत नाय." सासूबाई आतल्या आत फुलल्या. साकवाचं नाव कुणी काढलं नाही. जाताना पुन्हा गड्याच्या खांद्यावर, छत्रीसकट.

पाच-सहा दिवसांनी वकील आले. आदल्या रात्री डोंगरात पाऊस झाला होता, पाणी छातीला आलं होतं. गडी खांदा द्यायला गेला तर म्हणाले, "माणसाच्या खांद्यावर मी बसत नाही." विचार चांगला होता. अंगात ताकद नव्हती. अर्ध्यात आले, पाय सटकला आणि वकील दिसेनासे झाले. गड्याने मानगूट धरून वर काढलं. चष्मा वाचला, एक चप्पल वाहून गेली. आम्ही दोघी पाठ करून हसलो, पण खांदे हलतातच.

घरी त्यांना मामंजींचं जाडंभरडं धोतर दिलं. वकील उंच, ते गुडघ्यापर्यंतच पुरलं. त्यांचं ओलं धोतर आम्ही चुलीवर वाळत टाकलं. गुळाचा चहा घेत ते कुडकुडत बसले, आणि मत मागायला आलेल्या माणसाने काय करावं? चक्क मामंजींना झापलं.

"तुम्ही कमिटीतले, आणि तुमच्या दारच्या ओढ्याला साकव नाही? पावसात आजारी माणसाला पलीकडे कसं नेता?"

"पावसात आमी आजारी पडत नाय," मामंजी म्हणाले.

"आणि बायका माहेरी कशा जातात?"

"जात नायत," मी दाराआडून बोलून गेले.

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

संध्याकाळी चुलीपाशी आमची आमची कमिटी बसली.

"खाणं म्हंजे गिरणीवाल्याचंच," सासूबाई म्हणाल्या. "वकिलानं भाकरी नुसती चिवडली."

"खाऊन निवडायचं तर आपला बैल उभा करा," जाऊ म्हणाली.

"तू गप. अवो, ऐकलं का? वकील बोलला ते खरं हाय पण."

"माझ्या धोतरात बसून मला शिकवतो!" मामंजी ओसरीवरून ओरडले. "गिरणीवाला आपला माणूस हाय. तंटा संपला."

जाऊ माझ्या कानाशी आली. "गेला गं तुझा साकव."

आणि गेलाच. मामंजींनी कमिटीत गिरणीवाल्यांच्या नावाला हात वर केला, तिकीट त्यांना मिळालं. पण मामंजी घरी आले ते तोंड फुगवून. बैठक उठताना वकील सगळ्यांसमोर जवळ आले होते. राग नाही, तक्रार नाही, फक्त विचारलं, "साकव झाला का?" आणि सगळी कमिटी हसली.

"मला इचारतो, साकव झाला का!"

"मग?" सासूबाईंनी विचारलं. "झाला का?"

मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. होळी झाल्यावर त्यांनी स्वतःच्या बांधावरचे दोन साग पाडले, गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस ओढून काढला आणि पाऊस पडायच्या आत साकव उभा केला. वर उड्या मारून पाहिल्या. मग कर्जतला जाऊन वकिलांना मुद्दाम सांगून आले. वकील म्हणाले, "उत्तम. माझी चप्पल सापडली का?"

गिरणीवाले एव्हाना निवडून आले होते. कडावच्या सभेत त्यांनी सांगितलं, की आपण निवडून आलो आणि ओढ्यावर साकव झाला. मामंजी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या माणसाला खोटं कसं पाडायचं?

पुढच्या नागपंचमीला भाऊ साकवावरून थेट दारात आला. मी लुगडं आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "जा. उद्या सांजच्याला ये. आता काय, साकव हाय."

आईला भेटले, झोपाळ्यावर बसले, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत येऊन भाकऱ्या थापायला बसले. जाऊ पीठ मळत म्हणाली, "खुळे, साकव नसता आणि तू आषाढाच्या आधीच माहेरी गेली असतीस, तर दसऱ्यापर्यंत तुला कोण आणणार होतं?"

"हे तू आधी सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"तू आमाला इचारलंस कुठं? तुला वकील पटला होता."