वयाप्रमाणे आत्या

माझ्या लग्नाची हळद दळायच्या आधी घरच्यांनी एक महत्त्वाचं काम उरकलं: आत्याचं डोकं तपासून आणलं. आत्या धवलारीण, लग्नातले धवले गाणारी. बेटेगावपासून चिंचणीपर्यंतच्या कितीतरी नवऱ्या तिच्या धवल्यांवर सासरी गेल्या. पण आता तिला काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागे, आणि आमच्या घरात प्रश्न विचारणाराच उत्तर देऊन मोकळा होतो. तेव्हा तिच्या डोक्यात बिघाड आहे हे एकमताने ठरलं.

काकांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, तिला मुंबईला नेऊन मेंदूचा फोटो काढवला. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे आहे. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणारे पांढरे धागे म्हातारपणी झिजतात, म्हणून निरोप सावकाश पोचतो. दोन कामं एकदम झेपत नाहीत. जन्मभराचं पाठ असलेलं बहुतेक शाबूत राहतं. हा आजार नव्हे. एवढ्या लांब जाऊन साधा आजारसुद्धा निघाला नाही म्हणून काका हिरमुसले. येताना बोईसरला उतरून त्यांनी धवल्यांची कॅसेट घेतली.

"बाय आता नाय गाऊ शकत," त्यांनी घरात जाहीर केलं. आत्या तिथंच तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले ते मी पाहिलं.

मी म्हटलं, आत्या गाणार नसेल तर मी पाटावर बसणार नाही. नवरीचं घरात थोडंफार चालतं ते तेवढ्याच दिवसांत, म्हणून वापरून घेतलं.

हळदीला आत्याने धवला सुरू केला. आमच्यात धवला मध्येच तुटला तर जोडत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून, देवांना बोलावण्यापासून. काकांना हे ठाऊक होतं. तरी पहिल्या देवाला बोलावणं गेलं न गेलं तोच ते म्हणाले, "बाय, मांडववाल्याला चा दिला का?"

आत्या थांबली. धवला तुटला. देवांना पुन्हा बोलावलं. मग कुणाला नारळ हवे झाले, कुणाला कोठीची किल्ली, आणि सगळ्यांना ते आत्याकडूनच हवं होतं. देव बिचारे उंबऱ्यापर्यंत येऊन परत जात होते. माझ्या अंगावरची हळद वाळून तडकायला लागली. काकांनी टेपरेकॉर्डर पुढे ओढला. "बोललो व्हतो मी."

"आता कोणी तोंड उघडलं तर मी पाटावरून उठेन," मी म्हटलं. हळदीतून नवरी उठणं म्हणजे अपशकुन, म्हणून मांडव गप्प झाला. आत्यावरच्या मायेने नव्हे.

आत्या गायली. सावकाश गायली, पण एक ओळ गाळली नाही. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

धवला संपल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, काकांकडे वळली आणि म्हणाली, "दिला चा. मंगाशीच."

"कुणाला?" काकांनी विचारलं.

त्यांना मुंबईला न्यावं असं मात्र कुणाच्याच मनात आलं नाही.