परीक्षावाल्या मॅडम

चार जण चहाला जमले की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तुमच्या चोरांचं काही सांगा ना!" मी वर्ध्यात परिवीक्षा अधिकारी. कोर्ट ज्यांना तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडतं किंवा समाजसेवेची शिक्षा देतं, त्यांच्यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. एक किस्सा सांगून होत नाही तोवर दुसरा घडलेला असतो.

'परिवीक्षा' हा शब्द कुणालाच जमत नाही. पवनारच्या एका आजीचा मुलगा मारामारीच्या केसमध्ये बाँडवर सुटला. आजी ऑफिसात आली. "परीक्षावाल्या मॅडम तुमीच ना जी? पोरगं पास व्हते का नाई, तेवढं सांगा. शाळेत तं कधी झालं नाई."

*

मारामारी शेजाऱ्याशीच झाली होती, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. मुलगा आता कसा वागतो, हे विचारायला मी त्या शेजाऱ्याकडे गेले. तो वैतागलेलाच होता.

"लय बेकार झालं मॅडम. मी काई बी म्हटलं तं हात जोडते अन् निंगून जाते. बाँड कवा संपते त्याचा? धुऱ्याचं भांडण तसंच राह्यलं हाय."

*

कारंजाच्या एका ट्रक ड्रायव्हरने दारू पिऊन ढाब्यावर धिंगाणा घातला. कोर्टाने त्याला सरकारी दवाखान्यात सेवेला लावलं. मी पाहायला गेले, तर तो एका म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून एक्स-रेकडे नेत होता.

बाईंनी त्याला विचारलं, "पर्मनंट हायेस का रे?"

"नाई जी मावशी. शिक्षा भोगून राह्यलो."

"मंग पर्मनंट करून घे ना बापा."

*

पिपरी मेघेतले रिटायर्ड शिक्षक लोखंडे सर. त्यांच्या अंगणातली पाण्याची जुनी मोटर राहुल नावाच्या मजुराने चोरली. पहिलाच गुन्हा, मोटरही परत दिली. म्हणून कोर्टाने त्याला सार्वजनिक बागेत झाडांना पाणी घालायची शिक्षा दिली.

सर भडकले. "ही काय शिक्षा झाली? जेलमध्ये टाकायला पाहिजे होतं." हा खरंच काम करतो का, हे बघायला ते रोज सकाळी बागेत येऊन बसू लागले. आधी नुसतं बघायचे. मग चुका काढू लागले. मग थर्मासमधून दोघांपुरता चहा येऊ लागला.

शिक्षा संपली. थोड्याच दिवसांनी राहुल ऑफिसात आला, चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, पुन्हा काही करून बसला.

त्याने मूठ उघडली. आत किल्ली होती. "सर पुण्याले पोरीकडे गेले. झाडाइले पाणी टाकजो म्हणे, अन् घराची किल्ली मले देऊन गेले. तुमच्यापाशी ठेवा ना जी."

"अरे, विश्वासाने दिली त्यांनी. तुझ्याकडेच राहू दे."

"तसं नाई मॅडम." तो रडवेला झाला होता. "माह्या घराले कुलूप नाई. कोणी चोरून नेली तं?"